एक माकड, एक शेवाळ आणि एकच लाल यादी

नामशेष होण्याची भीती असलेला जीव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाघ येतो, माळढोक येतो, फार तर गेंडा येतो. शेवाळ येत नाही. पावसाळ्यात परसातल्या पायरीवर शेवाळ धरले की ते खराट्याने घासून काढावयाचे, नाहीतर पाय घसरतो, एवढाच त्याचा आणि आपला संबंध. असले शेवाळ दुर्मिळ होऊ शकते आणि ते टिकावे म्हणून शास्त्रज्ञ समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवर वर्षानुवर्षे जाऊन त्याच्या नोंदी घेतात, हे ऐकून हसू आले तर नवल नाही. परंतु आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघ १९६४ पासून संकटात सापडलेल्या जीवांची जी 'लाल यादी' ठेवीत आला आहे, तिच्यात पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकड जसे आहे, तसेच हिमालयातील टाकाकिया नावाचे एक शेवाळही आहे. धोक्याची पातळी ठरविण्याची मोजपट्टी दोघांनाही एकच लावली जाते. मात्र ती लावताना काय घडते आणि त्यानंतर दोघांच्या वाट्याला काय येते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम नावांविषयी थोडेसे. मराठीत आपण काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या प्राण्याला वानर म्हणतो आणि लाल तोंडाच्या, मंदिरांच्या आवारात खोड्या काढणाऱ्याला माकड. ही दोन्ही मंडळी, शिवाय कपी आणि स्वतः मनुष्य, शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात 'नरवानर गणात' मोडतात. सिंहपुच्छ हे या हिशेबाने माकडच. आपल्या नेहमीच्या माकडाचेच ते सख्खे भावंड. 'शेवाळ' या शब्दात मात्र आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. डबक्यावर साचणारी हिरवी साय हे शैवल होय. भिंतीवर आणि झाडाच्या बुंध्यावर मखमलीसारखे वाढते, ज्याला बारीक खोड व इवली पाने असतात, ते मॉस. परिभाषाकारांनी त्यास 'हरिता' असे गोड नाव दिले आहे. आणि आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हे या दोहोंपैकी काहीच नव्हे. बुरशी आणि शैवल यांनी एकत्र थाटलेला तो संसार आहे. या लेखात शेवाळ म्हणजे मॉस असे समजावे.

काळी आयाळ, रुपेरी दाढी

सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात आढळते, आणि तेही त्याच्या दक्षिणेकडील भागात, म्हणजे कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या तीन राज्यांत. महाराष्ट्रातील सह्याद्रीत ते नाही. आपल्याला सर्वांत जवळचे त्याचे वसतिस्थान म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी–होन्नावरची वने. अंग काळेभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी केसांचे वलय आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा झुबका असे त्याचे रूप असते. कन्नड भाषेत त्याला सिंगळीक म्हणतात.

हे माकड वृक्षवासी आहे. आपली नेहमीची माकडे जमिनीवर, रस्त्यावर, घरांच्या कौलांवर सर्वत्र रुळतात; सिंहपुच्छाला मात्र उंच सदाहरित वृक्षांचे सलग छत लागते. या फांदीवरून त्या फांदीवर जात फळे, बिया आणि किडे शोधण्यात त्याचा दिवस सरतो. दहा-वीस जणांची टोळी असते आणि तिला वर्षभर पुरेल इतकी फळे मिळावयाची तर वनाचा पट्टा मोठा हवा. त्यात त्याची वंशवृद्धी अतिशय संथ. मादीला पहिले पिल्लू होते तेव्हा ती सहा वर्षांची उलटून गेलेली असते आणि दोन पिल्लांमध्ये सुमारे अडीच ते तीन वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याची संख्या एकदा घटली की ती भरून येण्यास माणसाची एक पिढी जावी लागते.

चहा, कॉफी आणि वेलदोड्याचे मळे, साग व निलगिरीच्या लागवडी, धरणे आणि रस्ते यांनी गेल्या दीडशे वर्षांत या वनाचे तुकडे पाडले. मांसासाठी शिकार झाली ती वेगळीच. आज मुक्त स्थितीतील प्रौढ सिंहपुच्छ माकडांची संख्या २,५०० हून कमी मानली जाते आणि लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे.

माकड हवे की वीज?

या माकडाचे नाव देशभर झाले ते केरळच्या पालघाट जिल्ह्यातील सायलेंट व्हॅलीमुळे. स्थानिक आख्यायिकेप्रमाणे हे सैरंध्रीवन; वनवासात द्रौपदी येथे राहिली असे सांगतात, आणि त्यातून वाहणारी नदी कुंतीच्या नावाची, कुंतिपुझा. या नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याच्या योजनेला १९७३ साली योजना आयोगाची मान्यता मिळाली. मलबार भागाला विजेची निकड होती, रोजगार हवा होता आणि नदीवर धरणासाठी जागाही सोयीची होती. शासनाच्या दृष्टीने योजना चुकीची होती असे त्या वेळी सहसा कोणास वाटले नाही, हे आज प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग अभ्यासक पुढे आले. स्टीव्हन ग्रीन आणि कॅरेन मिन्कोव्स्की या दोघांनी दक्षिण घाटात सिंहपुच्छ माकडाचा अभ्यास करून १९७७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या माकडाला जगविण्यास पुरेसे मोठे असे फार थोडे वनपट्टे उरले असल्याकडे लक्ष वेधले. त्याआधी १९७६ साली मुंबईचे निसर्ग अभ्यासक जफर फतेहअल्ली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिगटाने योजनेच्या परिणामांची तपासणी केली होती. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने गावोगावी प्रचार केला, डॉ. सलीम अली यांनी आपला शब्द खर्ची घातला, डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९७९ साली योजना सोडून देण्याची शिफारस केली. मल्याळम कवींनीही यात उडी घेतली. 'माकडे मोठी की माणसे?' असा उलट प्रश्नही तितक्याच जोराने विचारला गेला, आणि ज्याच्या घरात दिवा नाही त्याने तो विचारावा यात गैर काहीच नव्हते.

अखेर प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीनंतर १९८३ साली योजना मागे पडली. नोव्हेंबर १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले व ७ सप्टेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ९० चौरस किलोमीटरचे ते वन आजही उभे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लढा माकडाच्या नावाने झाला, पण वाचले ते सारे वन. त्या वृक्षांच्या खोडांवर, ओल्या खडकांवर, ओढ्यांच्या काठांवर ज्या शेवाळाच्या जाती वाढतात, त्यांच्यासाठी कोणी घोषणा दिली नाही की कविता लिहिली नाही; तरीही माकडाच्या छत्राखाली त्या सुरक्षित राहिल्या. एका लक्षवेधी प्राण्याच्या आडोशाने शेकडो अनामिक जीव वाचतात, हा वन्यजीव संरक्षणाचा नेहमीचा मार्ग आहे आणि तो बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो. टाकाकियाच्या बाबतीत मात्र हा मार्ग खुंटतो.

'हे काय असावे?'

टाकाकियाची कथा आपल्याच देशातून सुरू होते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिक्कीमच्या पहाडांत केलेल्या संग्रहात एक चिमुकली वनस्पती होती. तिच्यावरून १८६१ साली विल्यम मिटन यांनी एका नव्या जातीचे वर्णन केले, पण ती भलत्याच प्रजातीत घातली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. १९५० नंतरच्या काळात जपानच्या उंच पर्वतांत नोरिओ टाकाकी यांना तशीच एक वनस्पती सापडली. ती धड कशातच बसेना. जपानी लोकांनी तिला जे नाव ठेवले त्याचा भावार्थ 'हे काय असावे बुवा' असा आहे. १९५८ साली तिला टाकाकींच्या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली, आणि नंतर सिक्कीमची जुनी वनस्पती हीसुद्धा टाकाकियाच, असे ठरले. या प्रजातीत आज एवढ्या दोनच जाती आहेत.

दिसावयास ही वनस्पती अगदी साधी आहे. उंची साधारण एक सेंटिमीटर. पाने म्हणजे बोटांसारख्या हिरव्या काड्या. इतर शेवाळांना खडकास चिकटून राहण्यासाठी मुळांसारखे जे तंतू असतात, तेही हिला नाहीत. ती मॉस की यकृतका, म्हणजे शेवाळाचीच एक चपटी चुलत शाखा, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. अलास्कापलीकडील अल्यूशन बेटांवर हिची बीजुके धारण करणारी बोंडे सापडली आणि १९९३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे ती मॉसच असल्याचा निकाल लागला. बहुतेक ठिकाणी मात्र हिची फक्त मादी रोपे आढळतात. नर नाही म्हणून बीजुके नाहीत. तुटलेल्या पानापासून वा खोडाच्या तुकड्यापासून नवे रोप, एवढाच वंशविस्ताराचा उपाय. माकडाची वंशवृद्धी संथ म्हणून आपण हळहळलो, पण येथे तर नवे स्थान गाठण्याचे साधनच जवळजवळ नाही.

बीजिंग येथील कॅपिटल नॉर्मल विद्यापीठाचे यिकून ही आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाचे राल्फ रेस्की यांच्या गटाने २०१० पासून तिबेटच्या पठारावर टाकाकियाच्या एका जातीचा अभ्यास केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तो 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते ही प्रजाती सुमारे ३९ कोटी वर्षे जुनी आहे. हिमालय उभा राहिला त्याच्या कितीतरी आधी ती होती. जमीन वर उचलली गेली तसतशी तीही तिच्यासोबत उंच गेली आणि तेथील जीवनाशी तिने जमवून घेतले. वर्षातील आठ महिने बर्फाखाली, उरलेल्या चार महिन्यांत प्रखर जंबुपार किरणांचा मारा, असे तिचे जीवन आहे. साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातील पाने आणि आजची पाने यांचा आकार सारखाच दिसतो. आत मात्र तिची जनुके आश्चर्यकारक वेगाने बदलत आली आहेत. बाहेरून जुने घर आणि आतून सतत डागडुजी, असा हा प्रकार म्हणता येईल.

मोजावयाचे कसे?

लाल यादीचे नियम सर्व जीवांसाठी सारखे आहेत. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत संख्या किती घटली, जीव किती क्षेत्रात पसरला आहे, प्रौढ व्यक्ती किती उरल्या आहेत, या प्रश्नांच्या उत्तरांवरून 'असुरक्षित', 'संकटग्रस्त' व 'अतिसंकटग्रस्त' अशा पायऱ्या ठरतात. माकडांबाबत ही उत्तरे कष्टाने का होईना, मिळतात. मेवा सिंह व होन्नवळ्ळी कुमार या संशोधकांच्या पाहणीत शिरसी–होन्नावरच्या वनांत ३२ टोळ्या आणि सहाशेहून अधिक माकडे आढळली, तेव्हा तेवढ्या पुराव्यावर पुढचे काम उभे राहू शकले.

पण शेवाळाची 'एक व्यक्ती' म्हणजे काय? खडकावरील हिरव्या गादीत हजारो कोंब असतात आणि ते सारे एकाच मूळ रोपाचे तुकडे असू शकतात. अभ्यासकांनी यावर एक तोडगा काढला आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. जमिनीवर वा खडकावर वाढणाऱ्या शेवाळाने व्यापलेला एक चौरस मीटर म्हणजे एक प्रौढ व्यक्ती समजावी. झाडावर वाढणारे असेल तर ज्या झाडावर ते आहे ते एक झाड म्हणजे एक व्यक्ती. खानेसुमारीत घर मोजून कुटुंब ठरवावे, तसेच हे झाले. सोयीचा नियम आहे, नेमका नाही. परंतु त्यावाचून शेवाळाला मोजणीत स्थानच मिळाले नसते.

तिबेटमध्ये संशोधकांनी मोजली ती टाकाकियाने झाकलेली जागा. ती दरवर्षी सरासरी १.६ टक्क्यांनी कमी होत असल्याचे आढळले आणि त्याच परिसरातील अन्य चार शेवाळांपेक्षा ही घट अधिक होती. दीड टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु ज्याने बँकेत ठेव ठेवली आहे त्याला चक्रवाढीचे सामर्थ्य ठाऊक असते. तेच येथे उलट दिशेने चालते. हा वेग कायम राहिला तर दहा वर्षांत सुमारे पंधरा टक्के आणि त्रेचाळीस-एक वर्षांत निम्मी जागा रिकामी होईल. या शतकाच्या अखेरीस टाकाकियाला जगण्याजोगी जागा साऱ्या पृथ्वीवर मिळून १,००० ते १,५०० चौरस किलोमीटर एवढीच उरेल, असा या गटाचा अंदाज आहे. मुंबईसारख्या दोन-तीन शहरांत मावेल, एवढेच हे क्षेत्र.

टाकाकियाच्या दुसऱ्या, म्हणजे सिक्कीममध्ये प्रथम मिळालेल्या जातीची नोंद लाल यादीत 'असुरक्षित' अशी आहे.

कुंपण कोणाला उपयोगी?

खरा फरक येथून पुढे आहे. सिंहपुच्छ माकडावरील संकट माणसाच्या हातातील कुऱ्हाडीचे, बंदुकीचे आणि रस्त्याचे आहे. म्हणून त्यावर माणसाला उपायही करता येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. शिकार हा गंभीर गुन्हा आहे. कर्नाटक शासनाने २०११ साली अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरचे राखीव संवर्धन क्षेत्र याच माकडाच्या नावाने घोषित केले. तामिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांमध्ये पुदुतोट्टम येथे वनाच्या एका छोट्या तुकड्यात शंभराहून अधिक सिंहपुच्छ माकडे अडकून पडली आहेत. रस्ता ओलांडताना ती मोटारींखाली सापडत. तेथे झाडापासून झाडापर्यंत झुलते पूल बांधण्यात आले आणि माकडे त्यावरून ये-जा करू लागली. काम सोपे नाही. मळ्याजवळची माकडे आता घरांत शिरू लागली आहेत, हा नवा ताप आहे. तरीपण काय करावयाचे हे निदान कळते.

टाकाकियाभोवती कुंपण घातले तर काय होईल? काहीच नाही. तेथे कोणी लाकूडतोड्या जात नाही, कोणी मळा लावीत नाही. तिला हवी आहे थंडी, आणि ती थंडीच कमी होत चालली आहे. हिमनद्या मागे हटत आहेत, बर्फाचे पांघरूण लवकर निघते. ते ज्या धुरामुळे घडते तो जगातल्या सर्व शहरांतून, कारखान्यांतून आणि वाहनांतून निघतो. एखाद्या राज्याने अथवा एखाद्या देशाने राष्ट्रीय उद्यान घोषित करून हा प्रश्न सुटणारा नाही. आणि जिच्या छत्राखाली टाकाकिया आपोआप वाचेल अशी एखादी देखणी प्राणिजात तिच्या वतीने उभी करता येईल, असेही नाही. बर्फ राखण्याचे सामर्थ्य हिमबिबट्यातही नसते. माकडाला जंगल हवे होते, ते राखता आले. शेवाळाला ऋतू हवा आहे.

कायद्याची बाजूही पाहावी. आपल्या वन्यजीव अधिनियमात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींना प्रथम संरक्षण मिळाले, तेव्हा सहा वनस्पती निवडल्या गेल्या. त्यांत निळे व तांबडे व्हँडा आणि स्लिपर ही ऑर्किडे होती, घटपर्णी होती, कुठ व एक सायकस होता. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली. तथापि शेवाळवर्गाला अद्याप तीत जागा नाही. भारतात शेवाळवर्गीय वनस्पतींच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील कोणती वाढते आहे व कोणती ओसरते आहे हे सांगू शकतील असे अभ्यासक थोडे, आणि महाविद्यालयांतून या विषयाकडे वळणारे विद्यार्थी त्याहून थोडे. आंबोली, महाबळेश्वर, कोयनेचे खोरे अशी ओली ठिकाणे आपल्याजवळ आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथील खडक आणि खोडे अभ्यासकाची वाट पाहत असतात. भिंग, कागदी पाकिटे आणि वही एवढ्या साहित्यावर हे काम सुरू होते, ही त्याची जमेची बाजू.

तिबेटमध्ये संशोधक केवळ घट मोजून थांबलेले नाहीत. त्यांनी टाकाकियाची काही रोपे प्रयोगशाळेत वाढविली आणि पठारावरील निवडक जागी नेऊन लावली. पाच वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांतील काही रोपे तग धरून असल्याचे आणि वाढत असल्याचे त्यांनी नमूद केले आहे.